वीस वर्षांचं त्रैराशिक

तेर
५ जून २०२४

ती. दादांना विमलचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, मी बरी आहे. फोन केला असता, पण तुम्हाला तो ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी ‘छातीत जरा जड वाटतं’ एवढंच म्हटलं, तर तुमच्या सूनबाईंनी ते तुमच्या कानात ओरडून सांगितलं आणि तुळजापुरातली चार माणसं मला बघायला तेरला यायला निघाली. भैरवीचा दोष नाही. तुम्हाला ऐकू जाईल असं बोलायचं तर गल्लीला ऐकू जाणारच. म्हणून हे पत्र. पोस्टमनलाही बिचाऱ्याला आठवण राहील की या गावात अजून कुणीतरी लिहितंय.

तर ऐका. माझा स्वानंद मागच्या आठवड्यात पुण्याहून आला आणि मला सोलापूरला नेऊन ती सी.टी. अँजिओ पुन्हा करून आणली. पाच वर्षांपूर्वी केली तेव्हा हृदयाच्या पुढच्या रक्तवाहिनीत वीस टक्के अरुंदपणा निघाला होता. आता तीस टक्के आहे. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, फुगा नको, स्प्रिंग नको. दोन गोळ्या दिल्यात, सकाळी रक्त पातळ ठेवणारी आणि रात्री चरबीची. मीठ-तेल कमी, रोज चालायचं, सहा महिन्यांनी दाखवायचं. अमुक दुखलं तर लगेच या, तमुक झालं तर लगेच या, अशी लांबलचक यादीही सांगितली. मला त्यातलं अर्धं आठवत नाही. स्वानंदनं लिहून घेतलंय म्हणे.

आता खरी गोष्ट. आपल्या जाईला चौथा महिना लागलाय. नऊ वर्षांनी, दादा. दोन वेळा होऊन गेलं ते तुम्हाला माहीतच आहे. मी अजून कुणाला सांगितलं नाही, हरणाबाईलासुद्धा नाही, आणि ती तर दिवसातून चार वेळा माझ्या ओट्यावर असते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं ठरलेलंच. पण जाईच्या सासूबाईंनी माझ्या तपासणीचं ऐकलं आणि म्हणाल्या, विहीणबाईंनाच हृदयाचं दुखणं, त्या एकट्या राहतात, आमच्या सुनेचं कोण करणार. पुण्यात दवाखाना दाराशी आहे. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. शौनकराव आईच्या पुढं बोलत नाहीत.

मी एकतीस वर्षं अंगणवाडीत लोकांच्या लेकरांची वजनं केली. हजारभर तरी बाळं त्या झोळीच्या काट्यात झुलवली असतील. हे जाऊन अकरा वर्षं झाली, त्यानंतर मी देवाकडं काही मागितलेलं आठवत नाही. आता मागतेय. माझ्या लेकीचं बाळ मला माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचंय. एवढं झालं की मग माझं काय व्हायचं ते होवो.

म्हणून विचारते, तीस टक्के म्हणजे नक्की किती? भ्यायचं की नाही? शाळेतली माझी सगळी गणितं तुम्हीच सोडवलीत, तेवढं हेही सोडवा आणि सासूबाईंना दाखवता येईल अशा अक्षरात लिहा.

तुमची
विमल

*

तुळजापूर
१४ जून २०२४

चि. विमलला आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जाईची बातमी वाचून देवघरात साखर ठेवली. भैरवीनं विचारलं कशाची, तर म्हटलं माझ्या बहिणीला गणित सुटलं. तिचा विश्वास बसला नाही, कारण तुझी ख्याती या घरात सर्वांना माहीत आहे. मास्तरांनी फळ्यावर रीत विचारली की तू उभी राहून म्हणायचीस, ‘रीत माहीत नाही गुरुजी, पण दादाचं उत्तर आहे.’ आणि उत्तर बरोबर असल्यामुळे मास्तरांना काही करता येत नसे.

तर हे घे उत्तर. आणि या खेपेला रीतही देतो, कारण विहीणबाईंना दाखवायची आहे.

२०१९ साली २० टक्के. २०२४ साली ३० टक्के. म्हणजे १० टक्के वाढायला ५ वर्षं लागली. डॉक्टर मंडळी सत्तर टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय फुगा-स्प्रिंगची भाषा काढत नाहीत, हे मला माझ्या वेळी कळलं होतं. तुझे सत्तर व्हायला अजून ४० हवेत. आता त्रैराशिक मांड: १० टक्क्यांना ५ वर्षं, तर ४० टक्क्यांना किती? पाच गुणिले चाळीस, भागिले दहा. वीस वर्षं. तू आज बासष्ट वर्षांची आहेस. ब्याऐंशीव्या वर्षी आपण पुन्हा या विषयावर बोलू. मी तेव्हा नव्वदीचा असेन, तेव्हा जरा मोठ्या अक्षरात लिही.

माझ्याकडे बघ. २०१६ साली माझी वाहिनी नव्वद टक्के बंद होती. नव्वद. त्यावर स्प्रिंग टाकून घेतली आणि आठ वर्षं झाली, सकाळी देवळाच्या पायऱ्या उतरतो आणि चढतो. नव्वदवाला पायऱ्या चढतो आणि तिसातली बाई घाबरते, याला काय म्हणावं?

हा अडथळा कसा वाढतो तेही सांगतो. तुमच्या तेरच्या बोअरच्या पाण्यानं नळीत चुना धरतो ना, तसा. दरवर्षी थोडा थोडा. एका दिवसात नळी बंद झालेली तू कधी पाहिली आहेस का? आधी धार बारीक होते, मग आणखी बारीक होते, मग माणूस प्लंबरला बोलावतो. भरपूर वेळ मिळतो.

हे पत्र जाईच्या सासूबाईंना खुशाल पाठव. खाली पूर्ण सही करतो, म्हणजे वजन पडेल. गोळ्या वेळेवर घे आणि पोरीला माहेरी आण.

तुझा दादा,
मार्तंड, बी.एससी., बी.एड.,
निवृत्त गणित शिक्षक (चौतीस वर्षं)

*

तेर
२८ जुलै २०२४

ती. दादांना नमस्कार.

तुमच्या सहीनं काम केलं. स्वानंदनं पत्राचा फोटो काढून जाईच्या सासूबाईंना पाठवला. त्यांचे मोठे दीर कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे, त्यांनी वाचून सांगितलं की हिशेब चोख आहे. सातव्यात पाठवायचं कबूल झालं. बाळंतपण धाराशिवला दवाखान्यात आणि मग सव्वा महिना इथं माझ्याकडं. हरणाबाईला आता सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘आक्का, मला म्हैनाभर आदीच कळलं व्हतं. तुमी गुळाचा खडा तोंडात ठिऊन हसत हिंडत व्हता.’

मी जुन्या साड्यांच्या दुपट्यांची कापणी सुरू केलीय. चंदनाचं खोड उगाळून बघितलं, वास अजून आहे.

पण दादा, तुमचं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुम्ही हसाल. आमच्या अंगणवाडीत वजनाचा तक्ता असायचा. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. दर महिन्याला मी टिंब द्यायची आणि टिंबाला टिंब जोडायची. लाल पट्ट्यातल्या पोरांच्या मागं आम्ही सगळे धावायचो, डॉक्टर यायचे, खिचडी जास्त मिळायची. ती पोरं बहुतेक जगली. आणि एक होती, वडाराच्या वस्तीवरची, रेणू नावाची. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध तिची रेघ सरळ वर गेलेली. साहेब आले की मी तोच तक्ता दाखवायची. सोमवारी मी तिचं वजन केलं, टिंब दिलं, आणि गुरुवारी ती जुलाबानं गेली. तिच्या तक्त्यावरचं शेवटचं टिंबही हिरव्यातच आहे. मी तो कितीतरी वर्षं फाडला नाही.

मला रीत कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या रेघेलाही असं काही होत असेल का? नुसतं मनात आलं ते लिहिलं.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. ती रात्रीची गोळी सुरू केल्यापासून माझ्या पिंढऱ्या आणि मांड्या फार दुखतात. खाली बसले की उठवत नाही. पाय लांब करून पाच मिनिटं बसले तर गोळे येतात. आणि बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाटावर बसून पाय लांब करून, त्यावर बाळ पालथं घालून अर्धा तास तरी बसायला हवं. ते जमलं नाही तर पोरीला आणून करायचं काय? तेलं लावून झाली, शेकून झालं.

ती एक गोळी बाळंतपण होईपर्यंत बंद ठेवली तर किती टक्के वाढेल? सकाळची चालू ठेवते. मी डॉक्टरांना विचारलं असतं, पण स्वानंद मध्ये आल्याशिवाय ते होत नाही, आणि स्वानंदच्या पोटात काही राहत नाही. सासूबाईंना कळलं की झालं. तुम्ही ऑगस्टमध्ये तुमच्या तपासणीला सोलापूरला जाताच, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारून मला कळवा. ते हो म्हणाले तरच बंद करीन.

तुमची
विमल

*

तुळजापूर
२४ ऑगस्ट २०२४

चि. विमलला आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. काल सोलापूरला जाऊन आलो. माझं सगळं उत्तम आहे. डॉक्टरांना तुझं विचारलं. चार महिने बंद ठेवायला हरकत नाही म्हणाले. बाळंतपण आटोपलं की पुन्हा सुरू कर.

मीही आधी हिशेब मांडून ठेवला होता, तो असा. तुझी वाढ वर्षाला दोन टक्के. गोळी बंद केल्यामुळे तो वेग दुप्पट झाला असं धरू, म्हणजे वर्षाला चार. चार महिन्यांचा त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश. दीड टक्कासुद्धा नाही. तीस होते ते साडेएकतीसच्या आत राहतील. तेवढ्यासाठी नातवंडाला न्हाऊ घालायचं सोडणारी बाई मला ठाऊक नाही.

तुझ्या रेणूची गोष्ट वाचली. वाईट वाटलं. पण विमल, तुझी तुलना चुकते आहे. जुलाब हे बाहेरून आलेलं संकट. ते तक्त्यावर दिसणार कसं? तुझा अडथळा आतला आहे, मोजलेला आहे, त्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे. मोजलेल्या गोष्टीला भ्यायचं नसतं, हे मी चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो. तू तेवढी शिकायची राहिलीस.

पाय बरे झाले की कळव. आणि दुपट्यांवर कशिदा काढू नकोस, बाळाला टोचतं, असं भैरवी म्हणते.

तुझा दादा

*

तेर
२९ सप्टेंबर २०२४

ती. दादांना नमस्कार.

जाई आली. गेल्या रविवारी शौनकराव सोडून गेले. चेहरा भरलाय, पाय थोडे सुजलेत, भूक उत्तम. सकाळी उठते ती थेट स्वयंपाकघरात येऊन मांडीवर डोकं ठेवते, आठ वर्षांची असताना ठेवायची तसं. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असला की भांडीसुद्धा वेगळी वाजतात.

गोळी बंद केल्याला महिना झाला. तुमचे डॉक्टर देवमाणूस निघाले. पिंढऱ्या मोकळ्या झाल्या. काल पाटावर बसून पाय लांब केले आणि उशीला पालथं घालून अर्धा तास पाणी घातलं, खोटं खोटं. जाई हसून हसून बेजार झाली. गोळीचं तिला सांगितलेलं नाही, स्वानंदलाही नाही. पाकिटं आणून डब्यात ठेवते, म्हणजे कुणी बघितलं तर घेतेय असं वाटावं.

फक्त एक दाढ मागं लागलीय. डावीकडची, खालची. गच्चीवर वाळवण घालायला गेले, पाण्याची कळशी उचलली, की दुखायला लागते, जबडाभर, आणि मग खांद्याच्या मागं पाठीत. बसलं की पाच मिनिटांत राहते. धाराशिवला दातांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ठोकून बघितलं, फोटो काढला, आणि म्हणाले दाढ ठणठणीत आहे. एकदा छाती दाखवून या म्हणाले. मी म्हटलं ती दाखवलेली आहे, तीसच टक्के आहे.

त्या दुखण्यात दाढेचं काही असतं का हो? तुम्ही त्यातून गेलाय म्हणून विचारते. स्वानंदला दाढेचं कळलंय, तो दसऱ्याला येऊन सोलापूरला नेतो म्हणतोय. आता आठव्यात पोरीला सोडून मी कुठं जाऊ? आणि तिथं गेले की ते गोळीचं विचारणार, मग सगळंच बाहेर येणार. तुमचं म्हणणं काय ते कळवा. त्याप्रमाणं करीन.

तुमची
विमल

*

तुळजापूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. विमलला आशीर्वाद.

घटस्थापनेपासून गावात मुंगीला शिरायला जागा नाही, पोस्टाची पेटीही गर्दीत सापडत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

माझं दुखणं छातीच्या मधोमध होतं, वर कुणी पाटा ठेवल्यासारखं. दाढ एकदाही दुखली नाही. नव्वद टक्क्यांना जी दुखली नाही ती तीस टक्क्यांना दुखेल कशी? हा साधा विचार आहे. दातांच्या डॉक्टरला दाढेत काही सापडलं नाही की तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. लवंग धर, कोमट पाण्यानं चुळा भर, आणि कळशी हरणाबाईला उचलू दे.

सोलापूरची घाई नको. पोरीचं पार पडू दे, मग जानेवारीत मी स्वतः तुला घेऊन जाईन.

सोबत देवीचं कुंकू आणि अंगारा आहे. जाईला लाव.

तुझा दादा

*

तेर
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादांना नमस्कार.

फोन आल्यावर भैरवीनं ओरडून सांगितलंच असेल. मुलगी झाली, मंगळवारी सकाळी. काल दोघींना घरी आणलं. मी माझा जुना झोळीचा काटा माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता, तुळईला टांगून वजन केलं. दोन किलो नऊशे. दवाखान्यातल्या काट्यापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त, पण माझाच काटा बरोबर असणार. पहिलं टिंब दिलं.

आज न्हाऊ घातलं. पाय अजिबात दुखले नाहीत. दादा, तुमच्यामुळं झालं हे.

जास्त लिहीत नाही, हाताला तेल आहे.

विमल

*

तेर
१८ जानेवारी २०२५

ती. मामांना जाईचा नमस्कार.

तुम्ही अंत्यविधीला आलात आणि तेराव्यालाही आलात. दोन्ही वेळा कोपऱ्यात बसून होतात. मला तुम्हाला एक विचारायचं होतं, पण ते तुमच्या कानात ओरडून, माणसं बसलेली असताना विचारण्यासारखं नव्हतं. म्हणून आई लिहायची तसं लिहितेय.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं असेल. दोन डिसेंबर, सोमवार. सकाळचे साडेनऊ झाले होते. आई बाळाला न्हाऊ घालत होती, मी दाराशी शेगडीजवळ बसले होते. ती पाणी घालता घालता थांबली. तांब्या हातातच राहिला. मग तिनं बाळाच्या तोंडावरचं पाणी हातानं निपटलं, टाळूवर हात धरला, आणि हरणाबाईला म्हणाली, ‘हरणे, बाळ घे.’ हरणाबाई म्हणाली, ‘आक्का, काय व्हतंय? लई घाम आलाय तुमास्नी.’ आई म्हणाली, ‘काही न्हाय गं, दाढ.’ बाळ तिच्या हातात दिल्यावरच ती मागं भिंतीला टेकली.

शेजारच्यांची गाडी लगेच मिळाली. मला नेईनात, ओली बाळंतीण म्हणून. हरणाबाई बरोबर गेली. आई वाटेतच गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर मला एकच विचारलं, गोळ्या चालू होत्या का. मी म्हटलं, हो, रोज घेत होती. मी खोटं बोलले हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

परवा मी तिचा डबा उघडला. रात्रीच्या गोळीची पाकिटं तशीच होती, एकही फोडलेलं नाही, ऑगस्टपासूनची. त्याखाली तुमची पत्रं. तिच्या पत्रांत काय होतं ते मला माहीत नाही, पण तुमच्या उत्तरांवरून कळलं. म्हणजे मला माहेरी आणण्यासाठी हे सगळं चाललं होतं. मी पुण्यात राहिले असते, मामा. मला काहीच अडचण नव्हती. तिनं मला एकदा जरी विचारलं असतं.

दसऱ्याला स्वानंद गाडी घेऊन आला होता. सोलापूरची वेळ घेतलेली होती. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी आईनं आतून तुमचं जूनमधलं पत्र आणलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, ‘मला रीत विचारू नको. दादाचं उत्तर आहे.’ स्वानंद परत गेला. तो आता ते वाक्य सारखं म्हणत असतो. मी त्याला गोळीचं अजून सांगितलेलं नाही.

मी तुमच्यावर काही ठेवत नाही. मला राग येतो, पण कुणाचा ते ठरत नाही. कधी आईचाही येतो. तुम्ही चोवीस ऑगस्टच्या पत्रात लिहिलंय की डॉक्टरांना विचारलं आणि ते हरकत नाही म्हणाले. मला त्या डॉक्टरांचं नाव हवं आहे. मला त्यांच्यासमोर बसून विचारायचं आहे की त्यांनी तसं का सांगितलं. बाकी काही नको.

बाळाला आता हरणाबाई न्हाऊ घालते. तक्त्यावर आईनं दिलेली दोन टिंबं आहेत. पुढची देण्याचं धैर्य मला होत नाही.

तुमची
जाई

*

तुळजापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. जाईस,

तू डॉक्टरांचं नाव विचारलंस. नाव नाही. मी विचारलं नव्हतं.

तेवीस ऑगस्टला मी सोलापूरला गेलो होतो हे खरं. बाकावर अडीच तास बसलो. आत गेल्यावर डॉक्टर माझ्या कागदांकडे बघून काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही, मी नेहमीप्रमाणे मान हलवली. त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा मान हलवली. तुझ्या आईचा प्रश्न मी घोकून गेलो होतो. पण विचारला असता तर उत्तर ऐकू येणार नाही, मग ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागणार, बाहेरची रांग आत डोकावणार. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजच वाटली नाही. हिशेब माझ्या खिशात तयार होता. डॉक्टर दुसरं काय सांगणार, असं मनात धरून मी उठलो. घरी येऊन त्यांच्या तोंडी माझं उत्तर घातलं, कारण तुझ्या आईनं लिहिलं होतं की डॉक्टर हो म्हणाले तरच बंद करीन.

तिनं मला दोनदा वाट दाखवली. एकदा त्या रेणूच्या तक्त्याची, एकदा दाढेची. रेणूचं पत्र तू वाचलेलं नाहीस, सोबत पाठवतो. तिला रीत येत नव्हती म्हणून मी आयुष्यभर हसलो. तिला जे दिसत होतं ते मला दिसलं नाही, आणि मी तिला गप्प केलं. तिनं हातात बाळ असताना ‘दाढ’ म्हटलं ते माझ्यामुळे. तो शब्द मीच तिच्या दुखण्याला पक्का करून दिला होता.

तुझं पत्र आल्यावर मी जूनमधलं त्रैराशिक पुन्हा मांडलं. मला त्यात चूक सापडावी अशी फार इच्छा होती. तीनही संख्या बरोबर आहेत, गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. कितीही वेळा मांडलं तरी वीस वर्षंच येतात. ती त्या पत्रानंतर सहा महिनेसुद्धा नव्हती.

काल मी सोलापूरला गेलो. भैरवीला नको म्हटलं, एकटाच गेलो. या वेळी वही बरोबर नेली होती. आत गेल्यावर वहीत लिहिलं, ‘मला ऐकू येत नाही, कृपया लिहून द्या.’ खाली तुझ्या आईचा प्रश्न लिहिला, तिच्याच पत्रांतून उतरवून. वय बासष्ट, तीस टक्के, रात्रीची गोळी बंद ठेवली आहे, काम केलं की जबडा आणि पाठ दुखते, बसलं की राहते. तीस टक्क्यांना धोका किती?

डॉक्टरांनी लिहिलं: ‘टक्क्यांवर जाऊ नका. पुष्कळ झटके कमी अरुंद जागीच येतात. तिथला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी मिनिटांत बंद होते. गोळी तो थर फुटू नये म्हणून असते. जबड्याचं दुखणं हृदयाचंच असू शकतं, बायकांत विशेष.’

एवढं लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली असतील. रांगेतल्या कुणी डोकावून पाहिलं नाही. मग त्यांनी वहीवर बोट ठेवून कुणासाठी असं विचारलं, तेवढं मला ओठांवरून कळलं. मी लिहिलं, ‘बहीण.’

त्यांनी पेन पुन्हा घेतलं आणि त्याखाली एक ओळ लिहिली. ते पान फाडून या पत्रासोबत ठेवलं आहे. स्वानंदलाही दाखव, त्याच्यासमोर यायचं धैर्य मला नाही. ओळ अशी आहे: ‘गोळी आजच सुरू करा आणि त्यांना उद्याच घेऊन या.’

मी मान हलवली आणि बाहेर आलो.

मार्तंड